जे रेकॉर्डवर येत नाही

प्रिय भाचेबाई,



तुझ्या डिप्लोमा फिल्मचा कट पाहिला. काम जमलंय, विशेषतः आजी गॅसवर दूध ठेवून विसरते तो प्रसंग. पण तू मत विचारलंस संगीताबद्दल, आणि तेही माझ्यासारख्या रेकॉर्डी जमवणाऱ्या माणसाला. तेव्हा लांबलचक पत्र सोसण्याची तयारी ठेव. तुझी आई म्हणेलच, दादाला आयताच विषय मिळाला.

तुझ्या कटवर आत्ता जे संगीत आहे ते कुठल्याशा परदेशी सिनेमातून उचललेलं दिसतं. टेम्प ट्रॅक म्हणता ना तुम्ही लोक? एडिटला लय यावी म्हणून तात्पुरता लावायचा, मग काढायचा. तो सहसा निघत नाही, ही त्यातली मेख. कुब्रिकने ‘2001: अ स्पेस ओडिसी’साठी (1968) अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत लिहून घेतलं, त्याचं ध्वनिमुद्रणही झालं, आणि शेवटी एडिटच्या टेबलावर लावलेल्या रिचर्ड स्ट्राउस, योहान स्ट्राउस, लिगेटी यांच्या रचनाच कायम केल्या. नॉर्थला हे कळलं ते थेट पडद्यावर सिनेमा पाहताना! कुब्रिकचं चुकलं असं म्हणायची माझी छाती नाही. पण तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात ते व्हायोलिन उपरं वाटतं. आजीचं काय बिनसलंय हे आपल्याला कळायच्या आतच ते रडून मोकळं होतं.

आम्हा रेकॉर्डवाल्यांची एक गंमत सांगतो. आमच्यात सिनेमाच्या संगीतावर रात्र-रात्र वाद होतात, आणि ते सगळे गाण्यांवर होतात. ‘पाकिजा’ म्हटलं की गुलाम मोहम्मद. ते 1968 मध्ये गेले, सिनेमा आला 1972 मध्ये, आणि त्याचं पार्श्वसंगीत केलं नौशादांनी. ‘मौसम’ म्हटलं की मदनमोहन. तेही सिनेमा यायच्या आधीच गेले, पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. म्हणजे त्या दोन-अडीच तासांत आपण ज्या सुरांच्या संगतीत बसलेलो असतो त्यांतला मोठा हिस्सा भलत्याच माणसाचा असतो, आणि कपाटातल्या रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचा पत्ता नसतो. सलीलदांनी तर ‘कानून’ (1960) आणि ‘इत्तेफाक’ (1969) हे दोन बिनगाण्यांचे हिंदी सिनेमे निव्वळ पार्श्वसंगीतावर पेलले. आमच्या मैफलीत त्यांचा विषय निघत नाही, कारण लावायला रेकॉर्डच नाही. सरकारदेखील या उपेक्षेत मागे नव्हतं. राष्ट्रीय पुरस्कारांत गाण्यांचं संगीत आणि पार्श्वसंगीत अशी कायमची फोड झाली ती 2009 सालच्या सिनेमांपासून, आणि त्या वर्षी पार्श्वसंगीताचा मान ‘पळशी राजा’ या मल्याळी चित्रपटासाठी इळैयाराजांना मिळाला.

पार्श्वसंगीत रेकॉर्डवर येत नाही, याला एक मजेदार अपवाद आहे, ‘शोले’चा. 1975 मध्ये पॉलिडॉरने गाण्यांबरोबर ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्डही काढली आणि ती तुफान खपली. पानाच्या ठेल्यावर, गणपतीच्या मंडपात गब्बर बोलायचा. लोकांनी ती घेतली अमजद खानसाठी, पण संवादांच्या मागे जे वाजत होतं तेही तिच्याबरोबर घरोघर गेलं. नकळत का होईना, महाराष्ट्रातल्या पोराटोरांना आर. डी. बर्मनचं पार्श्वसंगीत तोंडपाठ झालं. त्याच सिनेमात ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड आठव. तिथे कानात राहते ती झोपाळ्याची कुरकुर. आणि जया भादुरी एकेक दिवा मालवत जाते तेव्हा भानू गुप्तांचा माउथ ऑर्गन. एवढा मोठा वाद्यमेळ हाताशी असलेला माणूस दोन नाजूक जागी झोपाळ्याची एक कडी आणि एक माउथ ऑर्गन वापरतो. आर. डी.च्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्यांनी हे हिशेबात धरायला हवं.

पूर्वी हे काम कसं चाले ते तुझ्या पिढीला ठाऊक नसेल. ताडदेवला किंवा महालक्ष्मीला स्टुडिओत मुकं रीळ पडद्यावर चालायचं. हजार फुटांचं रीळ, मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे अकरा मिनिटांचा मामला. वाद्यवृंद समोर, कंडक्टरची नजर पडद्यावर. दार उघडलं की व्हायोलिन आत यायचं, नायिकेने मान वळवली की बासरी. एकाचा हात चुकला तर तो तुकडा सगळ्यांनी पुन्हा वाजवायचा. हे सगळं कागदावर लिहिलेलं लागे आणि ते लिहायचे प्रामुख्याने गोव्याचे अरेंजर. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे मुंबईच्या सिनेमाला वाचून वाजवणारे वादक तिथून मिळाले. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. तिच्याभोवतीचे हार्मनीचे पदर आणि इंटरल्यूड्स उभे करायचे सबॅस्टियन डिसोझांसारखे लोक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी पुढे संगीतकार झालेल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. गुरुदक्षिणा म्हणून ‘अमर अकबर अँथनी’च्या (1977) गाण्यात त्यांचं नाव आलं. देश नाचला त्या नावावर, पण ते एका जित्याजागत्या व्हायोलिनवादकाचं आहे हे किती जणांना माहीत होतं?

असो, मूळ मुद्द्यावर येतो. ‘पथेर पांचाली’ (1955) तू पाहिलाच असशील, तुम्हाला तो अभ्यासाला असतो. पण हरिहर परत येतो तो प्रसंग आता फक्त ऐकण्यासाठी पुन्हा लाव. त्याला मुलगी दुर्गा गेल्याचं माहीत नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतोय, त्यात दुर्गासाठी साडीही आहे. त्याची बायको सर्वजया ती हातात घेते आणि तिचा बांध फुटतो. तोंड उघडलेलं दिसतं, हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांनी दक्षिणामोहन टागोरांची तारशहनाई ठेवली आहे, वरच्या पट्टीत, पटदीप रागात. मास्टर दीनानाथांच्या नाट्यपदामुळे पटदीप आपल्या कानांना सरावाचा. पण इथे तो राग म्हणून येतच नाही, बाईच्या गळ्यातून येतो. तारशहनाई म्हणजे ग्रामोफोनसारखा कर्णा बसवलेला एसराज. मानवी आवाजाच्या इतकं जवळ जाणारं आणि तरी मानवी नसलेलं वाद्य कुणाला सुचलं असेल? करुणरस हवा म्हणून तिथे सतारही लावता आली असती, शिवाय समोर साक्षात रविशंकर बसले होते. त्यांनी स्वतःला बाजूला ठेवलं. मी त्यांच्या मैफलींच्या रेकॉर्डी भक्तिभावाने ऐकतो, पण त्यांच्या या निर्णयाला मी त्या सगळ्यांच्या वर ठेवीन.

आणि हे झालं कसल्या घाईत! रविशंकरांना वेळ नव्हता. रात्रभराच्या एका बैठकीत बहुतेक सगळं वाजवून घेतलं गेलं. काही जागा राहून गेल्या. मिठाईवाल्यामागे पोरं आणि कुत्रं चालत जातात ना, तिथली सतार कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी वाजवलेली आहे. पुढे विलायत खाँ (‘जलसाघर’) आणि अली अकबर खाँ (‘देवी’) यांच्याकडून संगीत करून घेतल्यावर दिग्दर्शक सत्यजित राय यांनी ‘तीन कन्या’पासून (1961) ते काम स्वतःकडे घेतलं. माझा तर्क असा की थोर वादकाला प्रसंग छोटा पडतो. तो राग मांडायला बसतो आणि पडद्यावरचं पात्र त्याच्यासाठी थांबत नाही.

तू म्हणशील, मामा, मी कुठून आणू रविशंकर? नकोच आहेत. तू ज्या आवारात शिकतेस ते प्रभात स्टुडिओचं. तिथेच 1937 मध्ये शांतारामबापूंनी ‘कुंकू’ केला. संगीत केशवराव भोळ्यांचं. गाणी आहेत, शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कवितादेखील गातात. मात्र प्रसंगावर भावना ओतणारं पार्श्वसंगीत बापूंनी ठेवलंच नाही. घरात, रस्त्यावर जे ऐकू येईल तेवढंच. नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या वयाची जाणीव द्यायला भिंतीवरचं घड्याळ आहे. ज्या काळात बोलपट म्हणजे गाण्यांची रास असे, त्या काळात, पुण्यात, हे धाडस झालं. तुम्ही मुलं ध्वनीसाठी इराणी आणि युरोपी सिनेमांचे दाखले देता, बरोबरच आहे. पण हा दाखला तुझ्या हॉस्टेलपासून चालत जाण्याइतका जवळ आहे.

नव्यातलं हवं असेल तर नागराज मंजुळेंचे दोन सिनेमे घे. ‘फँड्री’त डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थांबतं. त्या प्रसंगाला कुठल्याही संगीतकाराने आणखी काही घालू नये. आणि ‘सैराट’ (2016)! अजय-अतुलनी त्यासाठी लॉस एंजलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. थिएटरात लोक गाण्यांवर पैसे उधळत होते, खुर्च्यांवर नाचत होते. शेवटी नायक-नायिकेचं लहान मूल दारातून बाहेर येतं, आणि सगळा आवाज बंद. रडणंदेखील ऐकू येत नाही. इतकं श्रीमंत संगीत आधी भरभरून दिलं म्हणूनच ती शांतता अंगावर येते. पहिल्यापासून मुका सिनेमा असता तर ती कुणाच्या लक्षात आली नसती. माझ्या लेखी ‘सैराट’च्या संगीतातली सर्वांत मोठी जागा ती आहे, आणि ती कुठल्याही अल्बममध्ये मिळणार नाही.

तेव्हा माझं मत विचारशील तर तो परदेशी ट्रॅक आजच काढ. दूध उतू जातं तिथे फक्त दूध उतू जाऊ दे, बाहेरचा भाजीवाला ओरडू दे. आजी दाराशी येऊन कुणाला हाक मारायची ते विसरते, तिथे एखादं वाद्य चालेल. पण एकच, आणि ती वळून आत गेल्यावर. संगीतकार म्हणून तुमच्यातलाच कुणी घे, त्याला कट रोज दाखव, आणि शेवटच्या आठवड्यात ‘दोन मिनिटांचं काहीतरी सॅड दे’ असं सांगू नकोस.

आणि टायटल्समध्ये वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घाल, वाद्यासकट.

तुझा,
मामा