पावरची गोळी

"भाऊ, जरा पावरची द्या." बिडकीनच्या माझ्या मेडिकलवर दिवसभर हे वाक्य ऐकू येतं. औषधाचं नाव क्वचितच कुणी विचारतं, मिलिग्रॅम मात्र सगळे बघतात. २५० म्हटलं की नाक मुरडतात, ५०० म्हटलं की चेहरा खुलतो. मला त्यांना हसायचा अधिकार नाही. डी. फार्म. झालेला, कायदा शिकलेला माणूस मी. पण बरीच वर्षं माझाही हिशोब तोच होता. अँटिबायोटिक जेवढं नवं, जेवढ्या जास्त जातींच्या जंतूंवर चालणारं, तेवढं पेशंटच्या हिताचं. कोणता जंतू आहे ते ठाऊक नाही ना, मग सगळ्यांनाच मारणारं द्या.

हा विचार अगदीच बिनबुडाचा नव्हता. डीएमआयसीच्या, म्हणजे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या, कामांवर येणाऱ्या मजुराचा एक खाडा पडला की त्या दिवसाची हजेरी गेली. कापूस वेचणीच्या दिवसांत तर घरातलं कुणी आडवं पडलेलं चालतच नाही. डॉक्टरची फी, वर तपासण्या, त्यातून पैठण रोडने संभाजीनगर गाठायचं म्हणजे दिवस मोडला. असा माणूस काउंटरवर उभा असताना चिठ्ठी मागणं म्हणजे मला शहरी लोकांचे चोचले वाटायचे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झालं. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन अशा औषधांसाठी वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध किती दिलं ते, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मी ते भरायचो, पण वीजबिल भरावं तसं. गंमत म्हणजे सर्दी-खोकल्याला सर्रास खपणारं अझिथ्रोमायसिन त्या यादीत नव्हतंच. चिठ्ठी त्यालाही लागते, पण रजिस्टर नाही म्हटल्यावर चिठ्ठीची आठवण कोणाला राहते?

माझं मत कुठल्या भाषणानं बदललं नाही. एका कागदानं बदललं. गावातल्या एका मावशींना लघवीला जळजळ व्हायची. गोळ्या घेतल्या की थांबायची, महिन्या-दीड महिन्यानं परत सुरू. शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला सांगितलं. तो रिपोर्ट आणि चिठ्ठी घेऊन त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. डाव्या बाजूला औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. 'एस' म्हणजे जंतू त्या औषधानं मरतो, 'आर' म्हणजे दाद देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. लिव्होफ्लॉक्सासिन आर. सेफिक्झिम आर. सेफ्ट्रायॅक्झोन आर. माझ्या दुकानातली डोळ्यांसमोरची सगळी फळी त्या कागदावर नापास होती. खाली काही एस होते, त्यांत मेरोपेनेम होतं, म्हणजे माझ्या मापानं सगळ्यात पावरचं, आणि नायट्रोफ्युरँटॉइन होतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं नायट्रोफ्युरँटॉइन. १९५० च्या दशकातलं औषध, स्वस्त. माझ्याकडे ते सगळ्यात खालच्या खणात पडलेलं असायचं.

मेरोपेनेम हाताशी असताना हे का, हे मला कळेना. त्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावलं ते थोडक्यात असं. हे औषध लघवीत उतरून तिथं दाट होतं, रक्तात आणि बाकी शरीरात फारसं साचत नाही. म्हणून मूत्राशयापुरत्या संसर्गावर नेमकं लागतं आणि आतड्यातल्या उपयोगी जंतूंना फारसा धक्का देत नाही. पण त्याच कारणानं, संसर्ग किडनीपर्यंत चढला, थंडी वाजून ताप आला, की ते कुचकामी. किडनी कमजोर असेल तर ते लघवीत पुरेसं उतरतच नाही आणि अपाय मात्र वाढतो, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासलं होतं. दिवस भरत आलेल्या बाईला ते देत नाहीत. आणि त्यांनी मावशींना पहिला प्रश्न विचारला होता तो म्हणजे, नमुना द्यायच्या आधी कुठली गोळी घेतली होती का. आधी पोटात गेलेल्या गोळीनं जंतू दबतो, प्रयोगशाळेत उगवतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. काउंटरवरची 'तोवर ही एक घ्या' म्हणून दिलेली गोळी काय करते, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

एवढे प्रश्न एका गोळीच्या मागे. मी विचारत होतो एकच: पावर किती?

मग मी उलटीकडून वाचायला लागलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले आहेत. पहिल्या गटातली औषधं नेहमीच्या संसर्गांना आधी वापरायची, दुसऱ्यातली जपून, तिसऱ्यातली दुसरं काही चालत नसेल तेव्हाच. दुकान बंद केल्यावर ती यादी घेऊन मी फळ्यांपुढे उभा राहिलो. ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात. हातोहात जाणारी अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दोन्ही 'जपून'मध्ये. हे एकट्या बिडकीनचं नाही. २०१९ च्या खासगी बाजारातल्या विक्रीवर झालेल्या अभ्यासात देशात सगळ्यात जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी अझिथ्रोमायसिन ५०० निघाली, तिच्या पाठोपाठ सेफिक्झिम २००. घसा दुखण्याचंच घ्या. बहुतेक वेळा तो व्हायरसचा असतो, तिथं अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. आणि स्ट्रेप्टोकोकसमुळे धरलेला असेल, तर त्या जंतूनं पेनिसिलिनला अजूनही दाद न देणं शिकलेलं नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पन्नासच्या दशकात बनायला लागलं तेच पेनिसिलिन.

माझा आणखी एक आधार होता: हे नाही चाललं तर नवं येईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॅफिथ्रोमायसिन जाहीर झालं, वोक्हार्टचं, न्यूमोनियासाठी. कंपनीचं संशोधन केंद्र आपल्या संभाजीनगरात, त्यामुळे बातमी वाचून छाती फुगली. खाली वाचलं तर त्यामागे चौदा वर्षं गेलेली. आणि ते का शोधावं लागलं? अझिथ्रोमायसिन न्यूमोनियाच्या जंतूंवर पूर्वीसारखं भरवशाचं राहिलं नाही म्हणून. ते कुठे खर्ची पडलं ते मला ठाऊक होतं. माझ्यासारख्या काउंटरांवर, सर्दीवर.

एक मत मात्र मी बदललेलं नाही. मजुराला अडाणी म्हणून हे सुटणार नाही. फीचा माझा जुना मुद्दा निम्मा गळाला, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत आणि बिडकीनला ग्रामीण रुग्णालय आहे. पण शिफ्ट सुटून रात्री येणाऱ्याला ओपीडी उघडी मिळत नाही, हा उरलेला निम्मा मुद्दा अजून तसाच आहे. 'कोर्स पूर्ण करा' हेही मी आता सरसकट पाच-सात दिवस असं सांगत नाही. मावशींना पाच दिवस पुरले, टीबीला सहा महिने लागतात. चिठ्ठीवर असतील तेवढे दिवस, आपल्या मनानं कमीही नाही, जास्तही नाही.

चिठ्ठी नसेल तर मी आता अँटिबायोटिक देत नाही. ताप असेल तर पॅरासिटामॉल, जुलाब असतील तर ओआरएस, आणि धाप लागत असेल किंवा ताप तीन दिवसांवर गेला असेल तर दवाखान्यात जा, असं बजावून सांगतो. धंद्याला फटका बसला, बसणारच होता. परवा शिवारातले एक मामा आले, "नाक वाहू राह्यलं, पावरची द्या." मी पॅरासिटामॉल पुढे केलं. त्यांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि परत ठेवली. "द्यायचंच नाही तर मेडिकल टाकलं कशाला?" म्हणाले, आणि पुढच्या दुकानाकडे निघाले.