आधी नमस्कार कोणास?

त्रिपुरी पौर्णिमेस रामटेकला जाण्याची चाल आमच्या घराण्यात जुनी आहे. पहाटे खापरखेड्याहून निघावे, कामठीपाशी कन्हान ओलांडावी, मनसरवरून गडाची वाट धरावी, आणि अंबाळ्याच्या तलावात हातपाय धुऊन वर चढावे. वर गेल्यावर मात्र थेट रामरायाच्या दर्शनास जावयाचे नाही. आमच्या मातोश्रींचा दंडक असा की, आधी धूम्रेश्वर, मग राम. धूम्रेश्वराचे लिंग लहान, जागा अंधारी. तेथे दोन फुले वाहून आम्ही सारे घाईने पुढे होत असू. हा धूम्रेश्वर कोण, व प्रत्यक्ष रामाच्या गडावर रामाआधी त्याचा मान का, हा प्रश्न आमच्या घरातील अकरा माणसांपैकी कोणीही कधी विचारला नाही. आम्हांस त्याचे उत्तर ठाऊक होते. चाळीस वर्षे संस्कृत शिकविण्यात घालविल्यावर ते ठाऊक नसते तरच नवल. पण कोणी विचारले नाही म्हणून आम्ही सांगितले नाही, आणि खरे बोलायचे तर, कोणी विचारू नये अशीच आमची इच्छा होती.

निवृत्तीनंतर आम्ही चिरंजिवांकडे खापरखेड्यास राहतो. गाव नागपुराच्या उत्तरेस. पाच संचांचे मिळून तेराशे चाळीस मेगावॅटचे वीजकेंद्र, आसपास सिल्लेवाडा-वलनीच्या कोळशाच्या खाणी, आणि तारेवर वाळत घातलेल्या धोतरावर दुपारपर्यंत बसणारा काळा थर. येथल्या वसाहतीत सर्व जातींची माणसे शेजारी शेजारी नांदतात. घर लहान की मोठे हे येथे वेतनश्रेणीवरून ठरते, गोत्रावरून नव्हे. त्यामुळे पहिली काही वर्षे आम्ही मोठ्या समाधानाने म्हणत असू की, जो प्रश्न सुधारकांना शंभर वर्षांत सुटला नाही तो विजेच्या कारखान्याने सोडविला.

आमच्याकडे भांडी घासावयास एक बाई वीस वर्षांपासून येतात. लहानथोर सर्व त्यांना ‘मावशी’ म्हणतात. त्यांचा नातू नागपुरास बी. ए. च्या वर्गात शिकतो. त्याने संस्कृत घेतले असून त्यास भवभूतीचे उत्तररामचरित लावलेले आहे. मावशी एके दिवशी पदराशी चाळा करीत म्हणाल्या, “पोराला थोडं सांगाल का?” आम्हांस मनापासून आनंद झाला. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही व म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली, ही हकीकत आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली होती. तेव्हा हे ऋण थोडे फिटेल असाही एक विचार मनात येऊन गेला. असले विचार माणसास फार गोड वाटतात.

मुलगा तल्लख, मितभाषी. येताना ‘नमस्कार सर’ म्हणे, जाताना ‘जय भीम सर’. आम्ही येतानाच्या शब्दास ‘ये, बैस’ आणि जातानाच्या शब्दास ‘बरं, ये आता’ असे उत्तर देत असू. पहिला अंक उत्तम झाला. सीतेच्या चित्रदर्शनाचा प्रसंग त्याने असा काही वाचला की, आतून सूनबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

मग दुसरा अंक आला. आत्रेयी आणि वनदेवता यांचा संवाद संपला, आणि आम्ही दोन पाने एकदम उलटून म्हटले, “येथून दंडकारण्याचे वर्णन आहे. तेच महत्त्वाचे.” मुलगा क्षणभर थांबला. “सर, मधलं राहिलं.” आम्ही म्हटले, “ते परीक्षेस येत नाही.”

ते खोटे होते. तो ‘बरं’ म्हणाला व पुढे वाचू लागला.

ज्या वाचकांनी हे नाटक पाहिलेले नाही त्यांच्याकरिता त्या दोन पानांत काय आहे ते सांगितले पाहिजे. शंबूक नावाचा शूद्र तप करतो, त्या अधर्माने एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो, आणि मुलगा जिवंत व्हावा म्हणून राम त्या तपस्व्याचा वध करतो. मूळ कथा वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात आहे. तेथे राम दक्षिणेकडे येतो, सरोवराच्या काठी उलटा लोंबकळून तप करणाऱ्या पुरुषास ‘तू कोणत्या वर्णाचा?’ म्हणून विचारतो, आणि तो सरळ खरे सांगतो. त्याचे बोलणे पुरते होण्याच्या आतच त्याचे मस्तक तुटते व देव पुष्पवृष्टी करतात. उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, असे पुष्कळ पंडितांचे मत आहे. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने हात वर केला की आम्हीही त्या मताचा आश्रय करीत असू. पण प्रक्षिप्त म्हणजे काय? मागाहून कोणीतरी लिहिले, आणि पुढे हजारांनी ते भक्तिभावाने वाचले. कालिदासाने ते प्रक्षिप्त मानले नाही. रघुवंशाच्या पंधराव्या सर्गात त्याने धुराने लाल झालेल्या डोळ्यांचा तो तपस्वी रंगविला, आणि राजाच्या हातून शासन झाल्यामुळे त्यास तपाने मिळाली नसती अशी गती मिळाली, असा निर्वाळा देऊन तो पुढच्या प्रसंगाकडे वळला.

भवभूतीस मात्र इतक्या सहज पुढे जाता आले नाही. हा कवी आमच्या विदर्भातला, पद्मपूरचा, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते गाव गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर असे ठरविले आहे. भवभूतीचा राम खड्ग उगारून रंगभूमीवर येतो आणि स्वतःच्या उजव्या हाताशी बोलू लागतो. गरोदर सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू अवयव, तुला कसली आली दया, असे तो हातास हिणवतो, आणि कसाबसा वार करतो. शंबूक दिव्य रूप धारण करून उलट रामाचेच आभार मानतो. संस्कृत नाट्यात इतकी अवघडलेली हत्या आम्हांस दुसरी आठवत नाही.

आणि आता धूम्रेश्वर. शैवल पर्वत कोठला हे वाल्मीकींनी नीट सांगितले नसले तरी नागपूर प्रांताने ते कधीच ठरवून टाकले आहे. रामटेकच्या लक्ष्मणमंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा, एक झिजलेला शिलालेख आहे. मिराशींनी त्याचे वाचन केले. शंबूकाचा वध याच गडावर झाला व तो येथे धूम्राक्ष या नावाने पूजिला जातो, असे त्यात आहे. धुराने लाल झालेले डोळे कसे असतात हे खापरखेड्यात राहणाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. लोककथा आणखी पुढे जाते. मरताना शंबूकाने वर मागितले: रामाने येथेच राहावे, आपले लिंग व्हावे, आणि रामाच्या आधी आपली पूजा व्हावी. सातशे वर्षांहून अधिक काळ लोक त्याप्रमाणे वागत आले आहेत. मातोश्रींचा दंडक तो हाच.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला तो ती पाने वाचून. कोणाचे तरी भाषांतर मिळवून त्याने एकट्याने ती लावली होती. रागाचा लवलेश चेहऱ्यावर नव्हता. त्याने विचारले, “सर, राम हाताशी का बोलतो? स्वतःशी का नाही बोलत?”

आम्ही टीकाकारांची मते सांगू लागलो. करुणरसाचा परिपोष वगैरे. बोलता बोलता आम्हांसच ते पोकळ वाटू लागले व आम्ही थांबलो. मग म्हटले, “कृत्य आपले नाही, हाताचे आहे, असे त्यास वाटावेसे वाटते, म्हणून.” मुलाने वहीत लिहून घेतले. खापर हातावर फोडावयाचे, ही युक्ती रामाइतकी जुनी आहे.

त्याच वेळी सूनबाईंनी चहा आणला, बशीसह, चांगल्या कपात. आणि मागच्या ओट्यावर त्याची आजी चहा पीत होती, कान तुटलेल्या कपात. तो कप वीस वर्षे मोरीच्या कट्ट्यावर वेगळा असतो. आमची सर्व भांडी ज्या हातांनी स्वच्छ होतात त्यांचा कप त्या भांड्यांत मिसळत नाही! हे कोणी ठरविले? मातोश्री म्हणतात, पहिल्यापासून तसेच आहे. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, सासूबाईंना चालणार नाही म्हणून. सूनबाई म्हणतात, मी आले तेव्हा कप तेथेच होता. आणि आम्ही? आम्ही स्वयंपाकघरात लक्ष घालीत नाही. प्रत्येकाजवळ एक उजवा हात होता.

मग आमचे लक्ष नमस्काराकडे गेले. आमच्या समाजात कोणी कोणास कोणत्या शब्दाने वंदावे हे उगीच ठरलेले नव्हते. बरोबरीच्यांत रामराम, महानुभावांत दंडवत, ब्राह्मणांत नमस्कार. आणि महाराने दुरून जोहार करावयाचा. ब्राह्मणाने इतरांच्या वंदनास वंदन द्यावयाचे नाही, आशीर्वाद द्यावयाचा. हे प्रकरण इतके नाजूक होते की, सोनार ‘नमस्कार’ म्हणू लागले तेव्हा पुण्याच्या दरबारास ते खपले नाही, आणि १७७९ साली मुंबईस कंपनी सरकारने हुकूम काढून सोनारांस त्या शब्दाची बंदी केली. व्यापार करावयास आलेल्या साहेबास ‘नमस्कार’ या शब्दाशी काय कर्तव्य होते! पण तो शब्द ही मालमत्ता आहे हे त्याच्या चटकन ध्यानात आले.

जोहाराचे पुढे काय झाले ते मात्र कोणत्याही सरकारच्या हुकमाने झाले नाही. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे १९०४ साली जन्मले. नागपुरास एका आर्यसमाजी स्वामींजवळ ते संस्कृत शिकले. विडी कामगारांची त्यांनी संघटना केली. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते मध्यप्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले. आणि १९३९ च्या जानेवारीत, पस्तिशीत, क्षयाने वारले. ‘जय भीम’ या अभिवादनाचा प्रसार करण्याचे श्रेय त्यांचे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास धर्मांतर झाले तेव्हा तो शब्द लाखोंच्या तोंडी होता. त्यांची समाधी कामठीस कन्हानच्या काठी आहे. रामटेकला जाताना दर वर्षी आम्ही ती नदी ओलांडतो, पाण्यात एक नाणे टाकतो, आणि पुढे जातो. जोहारास उत्तर देण्याची रीत नव्हती. ‘जय भीम’ हा शब्द मात्र तसल्याच शब्दाची अपेक्षा ठेवतो. त्यास ‘बरं, ये आता’ म्हणणे म्हणजे जुना आशीर्वादच, फक्त सुधारलेल्या आवाजात.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही घरच्यांस धूम्रेश्वराची सगळी गोष्ट सांगितली. नातवंडे गप्प झाली. चिरंजीव म्हणाले, “पण बाबा, पहिला मान त्याला दिला आहे ना?” आम्हीही मनात तेच म्हणत आलो होतो. मातोश्रींचे वय आता ब्याण्णव. त्या वाती वळीत होत्या. वर न पाहता त्या म्हणाल्या, “मागितला म्हणे वर! मान कापल्यावर मागेल कसा? ते मागाहून कोणीतरी त्याच्या तोंडी घातलं असेल.” प्रक्षिप्तवादाचे इतके नेमके विवेचन आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी तो कप टाकून दिला. आम्हांस वाटले, प्रश्न संपला. पण मावशी आल्या आणि शोधू लागल्या. “माझा कप कुठं गेला?” त्यांना दुसरा दिला तर त्यांनी तो निम्मा पिऊन ठेवला, आणि चार दिवस ‘चहा नको, पित्त होतं’ म्हणून सांगितले. तो कप अपमानाचा होता हे खरे. पण या घरात त्यांचे म्हणून जे काही होते तेही तेवढेच होते, आणि तेसुद्धा आम्ही न विचारता काढून घेतले. पाचव्या दिवशी सूनबाई स्वतःचा कप घेऊन मागच्या ओट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. काय बोलणे झाले ते आम्हांस कळले नाही. आता दोघी तेथेच बसतात. मातोश्रींनी ते पाहिले आहे. अजून त्या काही बोललेल्या नाहीत.

गेल्या त्रिपुरीस आम्ही गडावर गेलो तेव्हा धूम्रेश्वरापाशी नातवंडे रेंगाळली. धाकटीने विचारले, “आजोबा, ह्याला नमस्कार करायचा की ह्याची क्षमा मागायची?” आमच्यामागे यात्रेकरूंची रांग होती, लोक ‘चला, चला’ म्हणत होते. आम्ही तिचा हात धरून पुढे झालो.

परत आल्यावर मुलाचा पाठ होता. आम्ही दुसरा अंक पुन्हा काढला, पान न उलटता. रामाचे ते हाताशी बोलणे त्याने मोठ्याने वाचले, एका समासाचा विग्रह चुकला तो आम्ही दुरुस्त केला, दुसऱ्या एका जागी त्याने आमची चूक दाखविली. तासाभराने तो उठला. “जय भीम, सर.”

“जय भीम,” आम्ही म्हणालो. शब्द जिभेवर नवा होता, आवाज हवा तसा निघाला नाही. मुलगा चप्पल घालीत होता, त्याने वर पाहिले आणि विचारले, “सर, उद्या तिसरा अंक आणू ना?”

आम्ही म्हटले, “आण. पण दुसऱ्यातली चार पाने अजून नीट झालेली नाहीत.”