गार हवा फुकट येत नाही

हल्ली गावोगावी दारात चारचाकी उभी दिसते. शेतकरी मेळाव्यात पीकपाण्याचे बोलणे झाले की कोणीतरी हमखास विचारतो, "साहेब, एसी लावला की गाडी गुरगुरते. इंजिन खराब तर होत नाही ना?" या धास्तीने काही घरांत एसी लावतच नाहीत. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तशा दुपारी आजारी म्हातारीलाही तापलेल्या गाडीतून दवाखान्यात नेतात. म्हणून हा खुलासा.

ऑइल इंजिनवर चालणारी कडबाकुट्टी आपण पाहिली असेल. इंजिन नुसते फिरते तेव्हा आवाज हलका असतो. पेंढी आत सारली की तो जड होतो. काम वाढले, म्हणून गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो. आपण त्याला बिघाड म्हणत नाही.

गाडीतही तेच घडते. एसीचा कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत इंजिनच्याच पट्ट्यावर चालतो. बटण दाबले की 'टक्' होऊन तो पट्ट्याच्या पुलीशी जोडला जातो आणि आतला वायू दाबू लागतो. त्याला साधारण २ ते ५ अश्वशक्ती लागते, म्हणजे विहिरीवरच्या पंपाइतकी! उभ्या गाडीचे इंजिन या ओझ्याने बंद पडू नये म्हणून त्याचे फेरे आपोआप थोडे वाढतात. गाडीतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी रेडिएटरपाशी असलेला पंखाही सुरू होतो. या सगळ्यांचा मिळून तो आवाज. इंधन थोडे जास्त जळते, एवढीच त्याची किंमत.

मात्र सगळेच आवाज निर्धास्त राहण्यासारखे नसतात. पट्टा किंचाळू लागला तर तो ढिला झाला किंवा झिजला असे समजा. खरखर येत असेल तर बेअरिंग तपासून घ्या. तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करून गाडी बाजूला थांबवा, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकले तर घाबरू नका. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटते, तसेच ते.

आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. इंजिन चालू ठेवून, काचा लावून उभ्या गाडीत झोपू नये; बंद शेडमध्ये तर मुळीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेतच दगावतो.

उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी खाली करा, गरम वाफ निघून जाऊ द्या, मग एसी लावा. वृद्ध माणसांना आणि लहान मुलांना ऊन सोसत नाही. त्यांच्यासाठी जळलेले थोडे डिझेल वाया गेले असे मानू नका.