थंड हवेचं भाडं : मोझरी ते चिखलदरा



मे महिन्यात आमच्या गुरुकुंज मोझरीत दुपारी एक ते पाच रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पत्र्याखाली ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा, पंखा हवा देत नाही, वाफ देतो. अशाच एका दुपारी विहारातल्या अभ्यासवर्गात विषय निघाला की आपल्याच अमरावती जिल्ह्यात थंड हवेचं ठिकाण आहे, त्याला सगळे 'विदर्भाचं नंदनवन' म्हणतात, आणि आपल्यातल्या कितीजणांनी ते पाहिलंय? पाचजणांपैकी एकानं. तोही मंडप डेकोरेशनच्या कामाला गेला होता, खुर्च्या उतरवून रात्रीच परत आला.

आम्ही ठरवलं, जायचंच. तीन मुलं, दोन मुली, प्रत्येकी 800 रुपये वर्गणी, एकूण 4,000. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे हिशोब जमला. घरून भाकरी, ठेचा, कांदे बांधून घेतले. मोझरीहून अमरावती, अमरावतीहून परतवाडा, आणि तिथून घाट. घाटात बस वळू लागली तशी खिडकीतून येणारी हवा बदलली. चिखलदरा साधारण 1,100 मीटर उंचीवर आहे. खाली अंग भाजत होतं, वर दुपारीही सावलीत बरं वाटत होतं.

ही थंड हवा काही आज सापडलेली नाही. वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेल्यावर साहेब लोक उन्हाळ्यात इथे येऊन राहत. साहेब वर चढला तेव्हा त्याचं सामान कोणी चढवलं, आणि खाली शेतात-रस्त्यावर त्याच उन्हात कोण राबत राहिलं, हे कोणत्याही पॉइंटवरच्या फलकावर लिहिलेलं आम्हाला दिसलं नाही. गाविलगड किल्ल्याबद्दल मात्र सगळे सांगतात की 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीनं तो जिंकला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला. आम्ही किल्ला पाहिला, देवी पॉइंट पाहिला, भीमकुंडाच्या दरीत डोकावलो. भीमकुंड म्हटल्यावर आमच्यातल्या एकानं हात जोडले, मग कळलं की हा महाभारतातला भीम. त्यावर दिवसभर त्याची चेष्टा चालली.

अडचण संध्याकाळी सुरू झाली. खाली जाणारी शेवटची गाडी आम्ही चुकवली. वेळ आधी विचारून ठेवायला हवी होती, चूक आमचीच. मग खोली शोधायला निघालो. पहिल्या ठिकाणी एका खोलीचा दर ऐकला, शनिवार असल्यानं 4,000. म्हणजे आम्हा पाचजणांची आख्खी वर्गणी, बसभाड्यासकट, एका रात्रीच्या एका खोलीत. आम्ही हसलो आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या ठिकाणी खोली 1,200 ला होती. काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर उघडलं, पूर्ण नावं विचारली, आधार कार्डं मागितली. एकामागून एक पाच कार्डं पाहिली. मग फोन लावला, बाजूला जाऊन बोलला आणि येऊन म्हणाला, "मालकाचे पाहुणे येऊन रायले, रूम नाही." आम्ही पायऱ्यांवर बॅगा भरत होतो तेवढ्यात कारमधून एक कुटुंब उतरलं, आत गेलं आणि बाहेर आलंच नाही.

आता हे काय होतं? यावर आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून अर्धा तास भांडलो. एकजण म्हणाला, आडनावं पाहिली, दुसरं काय? दुसरी म्हणाली, मुलं-मुली एकत्र पाहून नाही म्हटलं, आम्ही दोघं सख्खे बहीण-भाऊ आहोत हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. तिसरा म्हणाला, आपल्या चपला आणि भाकरीचं गाठोडं पाहिलं, कारवाला जास्त देणार होता. आम्हाला आजही ठामपणे सांगता येत नाही की कारण कोणतं होतं. आणि हीच आजच्या जातीची सोय आहे. पूर्वी ती स्वतःचं नाव सांगायची. 1917 साली बडोद्याच्या पारशी वसतिगृहातून बाबासाहेबांना बाहेर काढायला आलेल्या लोकांनी हातात काठ्या घेतल्या होत्या आणि कारणही तोंडावर सांगितलं होतं. आता रजिस्टर मिटतं आणि 'पाहुणे' येतात. संविधानाच्या कलम 15 (2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांच्या प्रवेशाबाबत भेदभाव करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. पण सिद्ध काय करणार? आणि ज्या दाराला कलम 15 नं उघडलं, त्याच दारावर 4,000 चा दर टांगला तर कोणतं कलम दाखवायचं?

बसस्थानकाजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या एका कोरकू मावशींनी आमचं भांडण ऐकलं होतं. "कुठले होय बापू तुम्ही?" मोझरीचे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग चाला माह्या घरी. खाली निजा लागन, खाट एकच हाय." त्यांचं गाव दोन-अडीच किलोमीटरवर होतं. आम्ही पैसे विचारले. त्या म्हणाल्या, जे द्यायचं ते द्या. आणि इथे आम्ही काय केलं? आमच्यातल्या एकानं हळूच सुचवलं, "पन्नास-पन्नास देऊ, तिला काय कळते." हॉटेलात 4,000 ऐकून निमूट बाहेर पडणारे आम्ही, टपरीवाल्या बाईशी घासाघीस करायला तयार होतो.

त्याहून पुढचं सांगायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर हा लेखच खोटा ठरेल. घरी गेल्यावर मावशींनी मडक्यातलं पाणी तांब्यातून दिलं. आमच्यातल्या एकानं तांब्या हातात घेतला, पाहिला, खाली ठेवला आणि बॅगेतून बाटली काढली. "पोट बिघडते माझं," म्हणाला. मावशी काहीच बोलल्या नाहीत, तांब्या उचलून आत गेल्या. खोलीत शांतता पसरली. दोन महिन्यांपूर्वी, 20 मार्चला, याच मित्रानं विहारात महाडच्या चवदार तळ्यावर भाषण केलं होतं. 1934 साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते आणि वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून त्यांच्यावर जमाव धावून आला, हा प्रसंगही त्यानंच आम्हाला वाचून दाखवला होता. तेही आमच्यासारखेच, हौसेनं सहलीला निघालेले कार्यकर्ते होते.

रात्री अंगणात त्याला आम्ही घेरलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "खरंच पोटाचं होतं का, मलेच सांगता येत नाही." आम्ही गप्प बसलो. हॉटेलवाल्यालाही कदाचित असंच सांगता आलं नसतं. सकाळी त्यानं स्वतः तांब्या मागून पाणी प्यायलं. मावशी हसल्या की नाही ते अंधारात दिसलं नाही, चूल पेटायची होती.

जेवताना मावशींनी सांगितलं की त्यांचा मुलगा सून आणि नातवंडांसह वीटभट्टीवर गेलाय, पावसाळ्याच्या तोंडावर येईल. म्हणजे आम्ही खालून वर थंड हवा खायला आलो आणि वरचा कोरकू पोट भरायला खाली भट्टीपाशी गेला. मेळघाट हा 1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. वाघासाठी गावं उठली, अकोट तालुक्यात वसवली गेली. जानेवारी 2019 मध्ये केलपाणीच्या बाजूला परत जंगलात गेलेले आदिवासी आणि वनखातं यांच्यात मोठा संघर्ष झाला. पर्यटकाची जिप्सी मात्र त्याच जंगलात तिकीट काढून जाते. पैसा असेल तर जंगलात जाता येतं, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले असाल तर नाही.

सगळं अंधारलेलंच आहे असंही नाही. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावानं 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला, उजाड टेकडी हिरवी केली, सीताफळं स्वतः विकली. गावाच्या हातात अधिकार आला की काय होतं ते तिथे जाऊन पाहावं.

आम्ही मोझरीचे, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न आम्हाला वेगळा दिसतो. आमच्याकडे राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला हजारो माणसं येतात, मंडपात जेवतात, तिथेच झोपतात. तुकडोजी महाराजांच्या विचारांशी आमचे मतभेद आहेत, ते पुन्हा कधीतरी. पण गरिबाला पाठ टेकायला जागा हवी, हे या जिल्ह्याला कळत होतं. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्याआधी 1923 च्या बोले ठरावातही पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचा उल्लेख होता. रात्री कुठे झोपायचं हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे.

तिकडे जर्मनीत 1909 साली रिचर्ड शिरमान नावाचा शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला गेला, वादळात सापडला आणि एका शाळेत रात्र काढली. त्यातून त्याला सुचलं की सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळा फिरणाऱ्या पोरांना झोपायला द्याव्यात. जगभरातली युवा वसतिगृहं त्यातून उभी राहिली. आल्प्सच्या महागड्या गावांतही आज खिशात कमी पैसे असलेली पोरं अशा वसतिगृहांत राहू शकतात.

मग आमची मागणी सरळ आहे. मे महिन्यात मेळघाटातल्या आश्रमशाळांच्या इमारती रिकाम्या असतात. त्यातल्या काही ग्रामसभेच्या संमतीनं विद्यार्थ्यांच्या मुक्कामाला द्या. दर गावानं ठरवावा, पैसा गावाला मिळावा, जेवण गावातल्या बायांनी रांधावं आणि त्याचे पूर्ण पैसे घ्यावेत. नोंदवहीत आडनावाचा रकाना नको. ओळखपत्राचा क्रमांक पुरे. आदिवासी विकास विभागाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार करतोय. मावशींच्या गावच्या ग्रामसभेशी बोलल्याशिवाय तो देणार नाही, कारण त्यांच्या वतीनं आपणच ठरवणं हीसुद्धा साहेबगिरीच झाली.

निघताना आम्ही मावशींना प्रत्येकी 200 रुपये दिले. त्यांनी मोजून 300 परत केले, म्हणाल्या, "एवढे नाई होत." बरीच ओढाताण झाली, शेवटी त्या 300 ची त्यांच्याकडूनच मोहफुलं घेतली. परतवाड्याला उतरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि उन्हानं डोळे उघडत नव्हते. अमरावतीच्या गाडीत जागा नव्हती, मोहफुलांची पिशवी मांडीवर घेऊन आम्ही दारातल्या पायरीवर बसलो.

जयभीम.