घंटीची दोरी

'नवरा माझा नवसाचा' (२००४) आमच्या कागलच्या घरात टीव्हीवर कितीदा बघितला, मोजदाद नाही. वडील एसटीत कंडक्टर. पडद्यावर कंडक्टर झालेले अशोक सराफ दिसले की ते आधी चुका काढायचे, मग डोळ्यांत पाणी येईतो हसायचे.

सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरा भाग आला. हौसेनं त्यांना कोल्हापूरला नेलं. वाट गणपतीपुळ्याचीच, पण आता कोकण रेल्वेनं. अशोक सराफ टीसी. एका एसटीत कोंडलेली धमाल लांबलचक गाडीत पांगली. मी दोनदा उगाच हसलो, त्यांच्याकडे बघत.

मध्यंतरात ते म्हणाले, "ह्यात घंटीची दोरी कुठाय?"

परतीच्या एसटीत त्यांनी दोरीखालची सीट धरली. कागल आलं तसा त्यांचा हात आपसूक वर गेला.