शिंगं राहू दिली

शेळीची शिंगं ठेवायची की काढायची, हा प्रश्न माझ्या सासूबाईंच्या काळात कुणाला पडला नव्हता. त्यांच्या शेळ्या दिवसभर माळावर असायच्या. एकीने डोळे वटारले की दुसरी चार पावलं बाजूला व्हायची, रान मोकळं होतं. आम्ही शेड बांधलं आणि त्याच शेळ्या छपराखाली आणल्या, तेव्हा शिंगं नडायला लागली.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात. शेळ्या उस्मानाबादी, आणि दुधासाठी आणलेल्या थोड्या सानेन संकरित. सकाळी रानात सोडायच्या, दुपारनंतर गव्हाणीवर, अशी अर्धबंदिस्त पद्धत. गेल्या पावसाळ्यात झडीमुळे त्या बरेच दिवस आतच राहिल्या. शेवरीचा पाला टाकला की गव्हाणीवर गर्दी व्हायची, आणि त्या गर्दीत कळपातल्या थोराड शेळीने एका गाभण शेळीच्या बरगडीखाली धडक मारली. मी तिथेच होते. आवाज असा आला की हातातली पेंढी खाली पडली. त्यानंतर ती शेळी गाभडली. दोन करडं होती, दोघांच्या अंगावर केस आलेले, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका.

भाऊजी त्या दिवशी फार चिडले होते. "वहिनी, शिंगंच नकोत. आता जी करडं होतील ती आठवड्याच्या आत डागून टाकू." त्यांनी शेळीपालनाच्या प्रशिक्षणात हे ऐकलं होतं, मोबाईलवर पाहिलंही होतं. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. शिंगाची शेळी जाळीत अडकते, शेजारणीच्या कासेला ओरखडे काढते, धार काढताना मान झटकली तर माणसाच्या डोळ्याला धोका. रोज शेडमध्ये राबणाऱ्याला हे सगळं दिसतं. म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही. डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी आधी वेगळंच काम लावलं. गाभडणं एका धडकेवर ढकलून मोकळं होऊ नका, म्हणाले. ब्रुसेलासारख्या रोगानेही शेळ्या गाभडतात आणि तो माणसालाही होतो. रक्ताचे नमुने पाठवले, पडलेला वार हातमोजे घालून चुना टाकून पुरला. अहवाल चांगला आला, तेव्हाच शिंगांचा विषय पुढे गेला.

त्या आठवड्यात एक शेळी व्यालेली होती. डॉक्टरांनी एक करडू मांडीवर घेतलं आणि माझं बोट त्याच्या टाळूवर ठेवलं. शिंग येणाऱ्या करडाच्या डोक्यावर केसांचे दोन भोवरे असतात, एकेका बाजूला एकेक. भोवऱ्याखाली बोटाला गव्हाच्या दाण्याएवढा टणक उंचवटा लागतो आणि तिथली कातडी सरकत नाही, हाडाला धरून बसलेली असते. जन्मतः भुंड्या करडाला मध्ये एकच भोवरा असतो आणि कातडी बोटाबरोबर हलते. मांडीवरच्या करडाला दोन भोवरे होते. त्याचं अख्खं डोकं माझ्या मुठीत मावत होतं. डागायचं म्हणजे लाल तापलेलं लोखंड इथे धरायचं.

वासराला डागायला बरीच सवड असते, करडाला नसते. चौथ्या दिवसापासून फार तर दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत, त्यातही बोकडाचं आधी, कारण त्याचा कोंब लवकर आणि रुंद वाढतो. आणि करडाची कवटी वासरापेक्षा कितीतरी पातळ. लोखंड काही सेकंद जास्त टेकलं तर उष्णता आत मेंदूपर्यंत जाते. करडू तेव्हा उठून उभं राहतं, दूधही पितं, आणि दोन दिवसांनी मान टाकतं. कमी टेकलं तर कोंब पूर्ण मरत नाही आणि वेडंवाकडं खुरटं शिंग फुटतं, ते पुढे डोळ्याकडे किंवा कानशिलात वळू शकतं. बधिर करायचं तर गाईला एका बाजूला एक नस असते, शेळीला दोन. म्हणजे एवढ्याशा डोक्यात चार सुया. त्या औषधाचं प्रमाणही अगदी मोजून द्यावं लागतं, करडाच्या वजनाला थोडं जास्त झालं तरी झटके येतात. क्षाराचा लेप लावणारेही आहेत. पण करडू आईच्या कासेला डोकं घासतं, म्हणजे लेप तिच्या सडांना लागणार आणि तिथली कातडी भाजणार.

भाऊजी म्हणाले, मग मोठ्या शेळ्यांची कापता येतील. ते तर मी पाहिलेलं आहे. जवळच्या एका गावात एकाने वाढलेल्या बोकडाची शिंगं बुडापासून करवतीने कापवून घेतली होती. शिंग वरून नखासारखं असलं तरी आत जिवंत हाड आणि रक्त असतं, आणि मोठ्या जनावरात त्या हाडातली पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते. शिंग गेलं की डोक्याला भोक पडतं. दिवस पावसाळी होते. जखमेत आसड्या पडल्या, बोकडाचा चारा तुटला. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारायला गेले नाही.

शिंगाचा उपयोग काय, असं भाऊजी विचारत होते, तेव्हा मी त्यांना दुपारी शेडमध्ये नेलं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. धापा टाकणाऱ्या शेळीच्या शिंगाच्या बुडाला हात लावला की ते गरम लागतं. आतलं रक्त तिथून उष्णता बाहेर टाकत असतं. शेळीला थंड ठेवणारी ती एकमेव सोय नाही, पण आहे. आणि शेळ्या एकमेकींशी बोलतात त्यातलं निम्मं शिंगांनीच. नुसतं डोकं खाली करून शिंग दाखवलं की धाकटी सरकते, मारामारी होत नाही. लांडग्यापुढे मात्र शिंगांचं काही चालत नाही, उगाच तसं सांगणार नाही.

मग व्यापारी चाचा आले. बकरी ईदसाठी आमचे बोकड तेच नेतात, काही तर देवनारपर्यंत जातात. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बेटा, गिऱ्हाईक आधी दात बघतो, मग शिंगं." कुर्बानीच्या जनावरात खोट चालत नाही. जन्मतः शिंग नसलेला बोकड चालतो, पण मुळापासून तुटलेलं शिंग असेल तर घेणारा हात मागे घेतो. डागलेल्या बोकडाबद्दल प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत बसणं त्यांना नको होतं. आमच्या घराचं वर्षाचं गणित त्या एका सणावर पुष्कळ अवलंबून असतं.

शिंगं राहू द्यायची ठरलं, आणि मग खरं काम सुरू झालं. शेड बदलावं लागलं. आमची गव्हाण एका भिंतीला सलग लांब होती. थोराड शेळी मधोमध उभी राहिली की दोन्हीकडच्या उपाशी. ती तोडून समोरासमोरच्या भिंतींना दोन गव्हाणी केल्या, म्हणजे एकीकडून हाकललेली दुसरीकडे खाते. दोन जागांच्या मध्ये खांद्याएवढ्या उंचीच्या फळ्या ठोकल्या. शेजारीण दिसली नाही की तिला मारायची खुमखुमी निम्मी कमी होते, हे मला आधी पटलं नव्हतं. कोपऱ्यातला आडोसा काढला, कारण तिथे सापडलेल्या शेळीला पळायला वाट नसते. चढून बसायला दोन ओटे बांधले. जाळीची भोकं अशी होती की डोकं आत जायचं पण मागे येताना शिंगं अडकायची, म्हणून खालच्या भागाला बारीक जाळी मारली. गाभण शेळ्या शेवटचे दोन महिने वेगळ्या, बोकड कायम वेगळा.

शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट जागा द्या असं सांगतात. शिंगाच्या शेळ्यांना ती पुरत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. आम्ही पंधरावर गेलो, त्यामुळे शेडमध्ये शेळ्या कमी बसतात. तेवढं उत्पन्न सुटलं, खर्चही झाला. भाऊजींनी ते वहीत मांडून मला दाखवलं आणि मी ते मान्य केलं. टोकदार शिंगांचे शेंडे मात्र आम्ही कानशीने बोथट करतो. रक्त असतं त्याच्या बरंच वर, नुसतं नखासारखं असतं तेवढंच. एका बोकडाचं शिंग गालाकडे वळतंय, त्याचं टोक वरचेवर घासावं लागतं.

सानेन संकरित शेळ्यांचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. त्यातल्या एकीला या वर्षी भुंडी पाट झाली. एक भोवरा, कातडी सरकणारी. भाऊजी खूश झाले, हिला भुंडाच बोकड बघू आणि सगळा दुधाचा कळप बिनशिंगी करू, म्हणाले. डॉक्टरांनी तेही थांबवलं. सानेनसारख्या युरोपी जातींत भुंडेपणाचं जनुक दोन्हीकडून आलं, तर जी पिल्लं माद्या व्हायची तीच धड मादी न होता अर्धवट नर होऊन जन्मतात. ती गाभ धरत नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2001 साली त्यामागची जनुकीय खोट शोधून काढली. भुंड्या मादीला शिंगाचाच नर दाखवायचा, साधारण निम्मी करडं भुंडी निघतील, तेवढ्यावर समाधान मानायचं. पाट सध्या वेगळ्या कप्प्यात आहे, कारण शिंगवाल्यांत तिला सोडलं तर तीच मार खाते. भाऊजी तिच्यासाठी बार्शीच्या बाजारात सानेन संकरित, शिंगाचा, बाहेरच्या रक्ताचा बोकड शोधताहेत.