टेकवायचं, दाबायचं नाही

पहिल्याच शनिवारी माझा बाण हरवला. माउस उजवीकडे नेत नेत टेबलाच्या कडेला आला, पुढे जागाच उरली नाही, आणि पडद्यावरचा बाण कुठे गेला ते दिसेना. मी माउस सोडून हात मांडीवर घेतले. काही बिघडलं असेल, असंच वाटलं. मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "आजी, माउस उचला आणि परत टेबलाच्या मध्ये ठेवा. उचललेला असताना बाण हलत नाही." मी उचलला, ठेवला, सरकवला. बाण कोपऱ्यातून बाहेर आला.

आमचा वर्ग ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत भरतो, स्वारगेटच्या एसटी स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. खिडकी उघडी ठेवली की सातारा-कोल्हापूरकडे निघालेल्या गाड्यांचे आवाज आत येतात. तीन संगणक, आम्ही अकरा जण आणि शिकवायला कॉलेजची चार मुलं. राष्ट्रीय सेवा योजनेत त्यांना वर्षाला 120 तास सेवेचे द्यावे लागतात. त्यातले काही त्यांनी आम्हाला दिले आहेत. 2017 साली सरकारने डिजिटल साक्षरतेचं मोठं अभियान काढलं होतं, पण ते ग्रामीण भागासाठी आणि 14 ते 60 वयाच्या लोकांसाठी होतं. मी शहरातली आणि बहात्तर वर्षांची. मला ही चार मुलंच भेटली.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. बँक, वीजबिल, गॅसचा नंबर लावणं, सगळं हेच बघायचे. माझा मुलगा बंगळूरला असतो. फोनवर सांगतो, "आई, वर तीन टिंबं आहेत ना, तिथे जा." मला टिंबं सापडेपर्यंत तो पुढचं सांगत असतो. घरी आला की फोन माझ्या हातून घेतो, चार वेळा बोट फिरवतो आणि "झालं" म्हणून परत देतो. काम झालेलं असतं, पण मला ते आलेलं नसतं. त्याचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून तर तो घाई करतो. पण त्या घाईत मी दर वेळी होते तिथेच राहते.

या मुलांनी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: शिकणाऱ्याच्या फोनला आणि माउसला हात लावायचा नाही. एकदा मी भलत्याच ठिकाणी बोट नेत होते. सहज मागे पाहिलं, तर त्या मुलाने दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होती. त्याला किती आवरावं लागत असेल ते तेव्हा कळलं. तो एवढंच म्हणाला, "वाचा आजी, काय लिहिलंय?" मी वाचलं आणि बोट मागे घेतलं.

दुसऱ्या शनिवारी डबल क्लिक. दोनदा दाबायचं. मी एकदा दाबायची, श्वास घ्यायची, मग दुसऱ्यांदा दाबायची. फोल्डर उघडायच्या ऐवजी त्याचं नावच निळं व्हायचं. वर चुकून एखादी कळ दाबली गेली की नाव पुसलं जायचं. माझी बोटं आता एवढीच चालतात. मग शिकवणाऱ्या मुलाने मला सेटिंगमध्ये नेलं आणि डबल क्लिकचा वेग माझ्याच हाताने कमी करायला लावला. पुढच्या खेपेला फोल्डर उघडला. संगणकालाही जरा थांब म्हणून सांगता येतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

फोनवर मात्र उलटंच झालं. मी चित्रावर बोट ठेवलं की अ‍ॅप उघडायच्या ऐवजी भलतीच यादी यायची, तीत 'अनइन्स्टॉल' असायचं आणि माझ्या छातीत धस्स व्हायचं. वर्गातली मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही दाबताय. टेकवा नुसतं." दाराची घंटा, लिफ्ट, मिक्सर, आयुष्यभर मी बटणं दाबतच आले. फोनला जोर कळत नाही, बोट किती वेळ टेकलंय ते कळतं. क्षणभर टेकलं तर उघड, रेंगाळलं तर वेगळं काही.

हे ऐकलं आणि मला ह्यांची आठवण झाली. हे तारखात्यात होते. लग्न नवं असताना ताटाच्या कडेवर बोटाने कट्ट-कडकट्ट वाजवून माझं नाव ऐकवायचे. डॉट म्हणजे एवढासा ठोका, डॅश त्याच्या तिप्पट. ठोका लांबला की अक्षर बदलतं, म्हणायचे. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, त्या रात्री हे उशिरापर्यंत जागे होते. वर्गात बसल्या बसल्या मी टेबलावर एक डॉट वाजवला आणि तेवढाच वेळ फोनवर बोट टेकवलं. अ‍ॅप उघडलं.

मग नोव्हेंबर आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा. मागच्या वर्षी अंगठ्याचा ठसा उमटता उमटला नव्हता. पीठ, भांडी आणि वय, रेषा झिजतातच. हयातीच्या दाखल्याची 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय 2014 पासून आहे आणि 2021 पासून चेहरा दाखवूनही दाखला मिळतो, हे वर्गात कळलं. आधी एक अ‍ॅप, मग दुसरं. आधारचे बारा आकडे मी चार-चार करून मोठ्याने म्हणत घातले. मग पेन्शनचा पीपीओ क्रमांक, मग खाते क्रमांक. "खिडकीकडे तोंड करा," वर्गातला मुलगा म्हणाला, "आता डोळे मिटा, उघडा." पहिल्या खेपेला चेहरा अंधारात आला. दुसऱ्या खेपेला जमलं. पाऊण तास लागला आणि पाऊण तास तो हात मागे बांधून उभा होता.

फळ्यावर दर शनिवारी दोन ओळी असतात: पैसे घेताना पिन लागत नाही. फसलात तर लगेच 1930 ला फोन. पाठ झाल्या तरी आम्ही त्या दर वेळी वाचतो.

आता वाचणाऱ्यांतल्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना एक मागणं आहे. आई-वडिलांनी तेच पाचव्यांदा विचारलं तर पाचव्यांदा सांगा, पण फोन त्यांच्याच हातात राहू द्या.

दाखल्याचा क्रमांक मेसेजमध्ये आला. तो मी ह्यांच्या जुन्या डायरीत, ह्यांनी दर वर्षी दाखल्याची तारीख लिहिली आहे त्याच पानावर, खाली उतरवून घेतला. शेजारच्या पानावर पुढच्या शनिवारचा प्रश्न लिहिला आहे: स्वारगेटहून मंडईला मेट्रोचं तिकीट फोनवर काढलं, तर ते दाराला दाखवायचं कसं?